गॅरार्ड ३०१ : एका ध्वनियंत्राची ओळख आणि त्याचा बाजार

विंटेज हायफाय म्हणजे साधारणपणे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत घरगुती श्रवणासाठी बनलेली उच्च प्रतीची ध्वनियंत्रे. त्यांच्या आजच्या बाजारात दुर्मीळ म्हणून विकली जाणारी पुष्कळशी यंत्रे मुळात कारखान्यातील नित्याचा माल होती. इंग्लंडमधील स्विंडन येथे १९५४ ते १९६५ या काळात बनलेले ‘गॅरार्ड ३०१’ हे तबकडीवादन-यंत्र, ज्याला आज सर्रास टर्नटेबल म्हटले जाते, हे त्याचे ठळक उदाहरण मानता येईल. ते मागणीनुसार एकेक करून घडवलेले नव्हते, छापील किंमतपत्रकातून विकले जात होते, आणि त्याच्या रचनेत जे लहानमोठे फरक होत गेले ते उत्पादनाच्या सोयीतून झालेले होते. ज्या फरकांकडे त्या काळच्या ग्राहकाचे फारसे लक्षही गेले नसेल, त्यांवर आज यंत्राचे मोल ठरते, आणि ही प्रतवारी कारखान्याने केलेली नसून कारखाना बंद पडल्यानंतर दूरदूरच्या देशांतील खरेदीदारांनी केलेली आहे. म्हणूनच ३०१ ओळखण्याची विद्या आणि ३०१ चा इतिहास वेगवेगळे सांगता येत नाहीत.

गॅरार्ड हे नाव ध्वनीच्या क्षेत्रात येण्यापूर्वी जवाहिरांच्या व्यापारात प्रसिद्ध होते. लंडनच्या या पेढीला व्हिक्टोरिया राणीने १८४३ मध्ये राजघराण्याचे जवाहिरे म्हणून नेमले होते, आणि लाहोरहून नेलेल्या कोहिनूरला १८५२ मध्ये जे नवे पैलू पाडले गेले तेही याच पेढीच्या देखरेखीखाली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश तोफखान्याला अंतरमापकांची, म्हणजे लक्ष्याचे अंतर अचूक मोजणाऱ्या दृक्-उपकरणांची, गरज निर्माण झाली तेव्हा सूक्ष्म कारागिरीची सवय असलेल्या या पेढीने १९१५ मध्ये स्वतंत्र अभियांत्रिकी कंपनी काढली. युद्ध संपल्यावर अंतरमापकांना गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा ही कंपनी ग्रामोफोनसाठी चावीच्या, म्हणजे गुंडाळलेल्या स्प्रिंगवर चालणाऱ्या, मोटारी बनवू लागली आणि रेल्वेच्या कर्मशाळांसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्विंडन शहरात तिने आपला कारखाना नेला. १९३० च्या दशकात विजेच्या मोटारी आल्या आणि पाठोपाठ चेंजर आले. एकावर एक रचून ठेवलेल्या तबकड्या आपोआप एकेक खाली टाकून वाजवणारे हे यंत्रच पुढे गॅरार्डच्या धंद्याचा मुख्य आधार झाले. ३०१ हा त्या मोठ्या धंद्याच्या कडेचा, कंपनीची प्रतिष्ठा वाढवणारा माल होता.

अशा यंत्राची निकड निर्माण झाली ती तबकडीच्याच बदललेल्या स्वरूपामुळे. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादन तबकडी बाजारात आणली आणि ब्रिटनमध्ये डेक्काने १९५० मध्ये तिचे अनुकरण केले. या तबकडीची खाच पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीपेक्षा पुष्कळ अरुंद होती आणि तिचा पृष्ठभागही अधिक शांत होता, त्यामुळे लाखेच्या खरखरीत दबून जाणारी यंत्राची घरघर आता स्पष्ट ऐकू येऊ लागली. मोटार, चाके आणि आस यांची कंपने सुईपर्यंत पोहोचून ध्वनिवर्धकातून मंद्र गुरगुरीसारखी ऐकू येतात, त्या दोषाला जाणकार ‘रंबल’ म्हणतात. ध्वनिवर्धकांची बाजू तोवर बरीच सुधारली होती. हॅरल्ड लीक यांच्या कंपनीने १९४५ मध्ये केवळ ०.१ टक्का विकृती असलेला ‘पॉइंट वन’ ध्वनिवर्धक आणला होता, तर डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात प्रसिद्ध केलेल्या आराखड्यावरून अनेक हौशी लोक घरच्या घरी तितकाच निर्दोष ध्वनिवर्धक जोडू लागले होते. साखळीतला कच्चा दुवा आता फिरत्या थाळीकडे होता.

एडमंड मॉर्टिमर यांनी आखलेले ३०१ हे ‘ट्रान्स्क्रिप्शन’ वर्गातील यंत्र होते. ध्वनिक्षेपण-केंद्रांत कार्यक्रम मुद्रित करून पुन्हा वाजवण्यासाठी ज्या मोठ्या तबकड्या वापरल्या जात त्यांना ट्रान्स्क्रिप्शन म्हणत, आणि पुढे हे विशेषण व्यावसायिक दर्जाच्या कोणत्याही वादनयंत्राला लागले. ३०१ मध्ये ओतीव अॅल्युमिनियमचा जाड सांगाडा, त्याच्याखाली स्प्रिंगांवर टांगलेली भक्कम विद्युत मोटार आणि वर जड ओतीव थाळी अशी रचना असते. मोटारीच्या आसावर पायऱ्यांची कप्पी असून, त्या कप्पीच्या आणि थाळीच्या आतल्या कडेच्या मध्ये एक रबरी चाक दाबून बसते. हे मध्यचाक कप्पीच्या ज्या पायरीला टेकेल त्यानुसार थाळी ३३⅓, ४५ किंवा ७८ फेऱ्यांनी फिरते. गतीच्या बारीक जुळवणीसाठी मोटारीच्या आसावरील धातूच्या चकतीजवळ एक चुंबक सरकवता येतो. चकती चुंबकाच्या क्षेत्रात फिरू लागली की तिच्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि कोठेही स्पर्श न होता तिच्यावर हलका रोध पडतो. सुई धरणारी भुजा, म्हणजे टोनआर्म, आणि खालची लाकडी बैठक या दोन्ही गोष्टी ग्राहकाने स्वतंत्र घ्यायच्या असत. आज एकाच काळच्या, एकाच प्रतीच्या दोन ३०१ एकमेकांहून इतक्या भिन्न ऐकू येण्याचे एक मोठे कारण हेच आहे.

ओळखीची पहिली खूण रंगाची. सुरुवातीच्या ३०१ चा सांगाडा करड्या ‘हॅमरटोन’ रंगात येई. या रंगात वाळताना हातोडीने ठोकलेल्या पत्र्यासारखा बारीक खळग्यांचा पोत उमटतो, म्हणून त्याला हे नाव पडले. नंतरची यंत्रे गुळगुळीत, फिकट साईच्या रंगाची आहेत. दुसरी खूण थाळीच्या आसाचे बेअरिंग, म्हणजे आस ज्यात फिरतो ते धारक नळकांडे. आधीच्या यंत्रांत ते ग्रीसवर चालते, आणि त्याच्या बाजूला ग्रीसची लहान डबी बसवलेली असून तिचे झाकण अधूनमधून थोडे पिळले की ताजे ग्रीस आत ढकलले जाते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची जागा तेलाच्या बेअरिंगने घेतली. रंग आणि बेअरिंग हे दोन्ही बदल एकाच दिवशी झाले नाहीत, त्यामुळे साईच्या रंगाची पण ग्रीसच्या बेअरिंगची यंत्रेही आढळतात आणि त्यांत संशयास्पद काही नसते. ग्रीसची डबी वरून दिसत नाही, म्हणून यंत्र उलटे करून किंवा बैठकीतून काढून पाहिल्याशिवाय केवळ रंगावरून प्रत ठरवणे धोक्याचे ठरते. यांतील कोणते बेअरिंग चांगले वाजते यावर जाणकारांत न संपणारे वाद आहेत. वस्तुतः नीट साफ केलेल्या दोन बेअरिंगांमधील फरकापेक्षा, पन्नास वर्षांपूर्वीचे वाळून मेणासारखे झालेले ग्रीस धुऊन काढलेले बेअरिंग आणि तसेच ठेवलेले बेअरिंग यांतील फरक कितीतरी मोठा असतो.

थाळीच्या कडेचेही दोन प्रकार आहेत. एक साधी, आणि दुसरी स्ट्रोबची, जिच्या कडेवर समान अंतरावरच्या खुणा असतात. विजेच्या दिव्याचा प्रकाश प्रत्यावर्ती प्रवाहाच्या प्रत्येक चक्रात दोनदा तेवतो आणि मंदावतो. थाळीची गती बरोबर असेल तर या प्रकाशात फिरत्या खुणा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ फेऱ्यांसाठी अशा १८० खुणा लागतात आणि ६० हर्ट्झच्या विजेवर २१६, त्यामुळे थाळी मुळात कोणत्या देशासाठी बनली होती हे खुणा मोजूनही कळू शकते. स्ट्रोबच्या थाळीला अधिक किंमत मिळते हे ध्यानात आल्यावर अलीकडे तशा नव्या थाळ्याही बनू लागल्या, आणि साध्या थाळीच्या यंत्रावर त्या चढवलेल्या दिसतात. नवी थाळी बसवण्यात गैर काही नाही. ती मूळची म्हणून विकली जाते तेव्हा मात्र खरेदीदाराची फसवणूक होते.

विजेची वारंवारता हा या खरेदीतला अगदी व्यावहारिक मुद्दा आहे. ३०१ ची मोटार प्रवाहाच्या वारंवारतेशी बांधलेली असल्याने ५० आणि ६० हर्ट्झसाठी कप्प्या वेगळ्या असत. अमेरिकेतून आणलेले यंत्र कप्पी न बदलता भारतातील किंवा युरोपातील विजेवर लावले तर मोटार त्या प्रमाणात मंद फिरते, ३३⅓ च्या जागी जेमतेम २७-२८ फेरे मिळतात, आणि बारीक जुळवणीची कळ कितीही फिरवली तरी एवढी तूट भरून निघत नाही. विद्युतदाब त्या मानाने सोपा आहे, कारण जोडपट्टीवरील दुवे बदलून तीच मोटार ११० च्या किंवा २३० व्होल्टच्या आसपास चालवता येते. तरीही ते दुवे कसे लावलेले आहेत हे न पाहता यंत्र सुरू करणारा खरेदीदार मोटार जाळून घेतो, आणि मूळची मोटार मिळवणे हे रंगाच्या किंवा थाळीच्या मानाने पुष्कळच कठीण काम आहे.

बाकीची तपासणी डोळ्यांपेक्षा हाताची आणि कानाची असते. सांगाड्यावर पुन्हा रंग दिला असेल तर तो बहुधा स्क्रूच्या भोकांत, धातूच्या बिल्ल्याच्या कडेशी किंवा आतल्या बाजूच्या कोपऱ्यांत उघडा पडतो, कारण कारखान्यातला रंग भाग जोडण्यापूर्वी दिलेला असे आणि नंतरचा पुष्कळदा भाग न काढताच मारलेला असतो. रबरी चाकाला नख लावून पाहावे लागते; कडक, चकाकणारे किंवा असमान झिजलेले रबर प्रत्येक फेऱ्यात ठोका देते. थाळी जागेवर ठेवूनच यंत्र पाठवले गेले असेल तर वाहतुकीच्या हादऱ्यांनी बेअरिंगचा आस वाकलेला किंवा सांगाडा तडकलेला असू शकतो, आणि वाकलेला आस थाळीच्या कडेच्या सूक्ष्म झोल्यावरून ओळखू येतो. बटणातील ठिणगी दाबणारा जुना कपॅसिटर मात्र हमखास बदलावा लागणारा भाग आहे, आणि तो बदललेला असल्याने यंत्राची अस्सलता कमी होते असे मानणे हा निव्वळ हट्ट होय.

१९६५ मध्ये ३०१ ची जागा ४०१ ने घेतली. एरिक मार्शल यांनी तिला दिलेले कोनदार, गडद करडे रूप आणि गती तपासण्यासाठी अंगचाच निऑन दिवा सोडला तर यंत्राचा गाभा तोच होता. परंतु तोवर काळ रबरी चाकाच्या विरोधात जाऊ लागला होता. १९५८ च्या सुमारास आलेल्या स्टीरिओ तबकडीत खाचेची उभी हालचालही ध्वनीत रूपांतरित होत असल्याने, मोनो काळात दबून राहिलेली उभी कंपने आता ऐकू येऊ लागली. पट्ट्यावर चालणारी स्वस्त आणि शांत यंत्रे आली, १९७० च्या सुमारास जपानच्या टेक्निक्सने मोटारीचा आस हाच थाळीचा आस असलेले ‘एसपी-१०’ आणले, आणि ४०१ चे उत्पादन १९७६ च्या आसपास थांबले. १९६० मध्ये गॅरार्ड विकत घेतलेल्या प्लेसी कंपनीने १९७९ मध्ये ती ब्राझीलच्या ग्रादिएंतेला विकली आणि स्विंडनचा धंदा ओसरत गेला. या वर्षांत ब्रिटनमध्ये ३०१ ला फारशी किंमत उरली नव्हती.

तिची पुन्हा किंमत झाली ती मुख्यतः जपानमध्ये आणि काही प्रमाणात फ्रान्समध्ये. जपानी रसिकांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची चित्रपटगृहांतील यंत्रे, टॅनॉयचे ध्वनिक्षेपक आणि मॅरंट्झचे निर्वात नळ्यांचे ध्वनिवर्धक ज्या आस्थेने गोळा केले, त्याच आस्थेने ३०१ ही गोळा केली. ‘स्टीरिओ साउंड’सारख्या नियतकालिकांनी त्यांना मोठ्या छायाचित्रांसह अभ्यासाचा विषय बनवले, आणि टोकियोच्या शिंदो लॅबोरेटरीने ३०१ ला नवे बेअरिंग, जड थाळी आणि थरांच्या लाकडाची बैठक देऊन एक स्वतंत्र यंत्रच सिद्ध केले. करड्या, ग्रीसवाल्या यंत्राला जो मान आज आहे त्याची मुळे या जपानी आवडीत आहेत. बैठकीचा शोधही याच पिढीचा. १९५० च्या दशकात ३०१ अनेकदा पोकळ, पातळ पेटीत बसवली जाई आणि ती पेटी सतारीच्या भोपळ्यासारखी मोटारीची कंपने वाढवून देई. भरीव, जड बैठकीत बसवल्यावर तीच यंत्रे आश्चर्य वाटावे इतकी शांत झाली. रबरी चाकाच्या माथी मारलेल्या दोषाचा बराचसा भाग सुताराचा होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

भारतात ३०१ तुरळकच पोहोचली. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर आलेल्या निर्बंधांत चैनीच्या ध्वनियंत्रांना जागा नव्हती. येथे गॅरार्डचे नाव परिचित झाले ते रेडिओग्राममध्ये, म्हणजे रेडिओ आणि तबकडीवादक एकाच लाकडी कपाटात असलेल्या यंत्रामध्ये, बसवलेल्या चेंजरमुळे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ‘गॅरार्ड’ म्हणून जे समोर येते ते बहुतेक वेळा असे चेंजर किंवा नंतरच्या काळातील साधी यंत्रे असतात, आणि बिल्ल्यावरचे नाव तेच असले तरी यंत्राची जात वेगळी असते. याच बाजारांत पितळी कर्ण्याचे चकचकीत ‘जुने’ ग्रामोफोनही मिळतात. त्यांत जुन्या सुटकेस-ग्रामोफोनची मोटार आणि ध्वनिपेटी काढून नव्या लाकडी पेटीत बसवलेली असते आणि वर कुत्र्याचे चित्र चिकटवलेले असते. ३०१ च्या बाबतीत एवढी ढोबळ नक्कल होत नाही, कारण ओतीव सांगाडा आणि मोटार नव्याने बनवणे परवडत नाही. तेथे लबाडी सुट्या भागांची असते.

मराठी श्रोत्यांच्या दृष्टीने या यंत्राचे एक विशेष महत्त्व आहे. पाश्चात्त्य देशांत ७८ फेऱ्यांची तबकडी १९५० च्या दशकातच मागे पडली, पण भारतात ती १९६० च्या दशकातही निघत राहिली, आणि बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांचे मूळ गायन ज्या तबकड्यांत आहे त्या याच गतीच्या आहेत. नंतरच्या पुष्कळ उत्तम टर्नटेबलांत ७८ ची सोयच नसते. ३०१ मध्ये ती आहे, आणि जड थाळीमुळे लाखेच्या तबकडीची ओढ तिला जाणवत नाही. अशा तबकड्यांसाठी सुई मात्र वेगळी लागते, कारण दीर्घवादन तबकडीच्या साधारण २५ मायक्रॉन त्रिज्येच्या सुईऐवजी येथे ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई खाचेच्या भिंतींना टेकते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरत जाऊन फक्त धूळ वाचते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील काही मुद्रणे नेमकी ७८ फेऱ्यांची नव्हती, आणि त्यांचा मूळ स्वर पकडायला ३०१ ची बारीक जुळवण नेहमीच पुरेल असे नाही.

या इतिहासाचे अलीकडचे प्रकरण पुण्याशी जोडलेले आहे. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील स्टेनिंग येथील एसएमई या कंपनीच्या टोनआर्म १९५९ पासून ३०१ आणि ४०१ वर सर्वाधिक आवडीने बसवल्या जात; ॲलस्टर रॉबर्टसन-एकमन यांनी पहिली भुजा स्वतःच्या वापरासाठी घडवली आणि इतरांच्या मागणीवरून तिचे उत्पादन सुरू केले. पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या कॅडेन्स ऑडिओने २०१६ मध्ये एसएमई विकत घेतली आणि २०१८ मध्ये गॅरार्डचे नाव, तसेच जुन्या गॅरार्ड यंत्रांची दुरुस्ती करणारी लॉरिक्राफ्ट ही इंग्रजी संस्थाही याच समूहाकडे आली. राजजवाहिऱ्यांचे नाव आणि त्याच्या जोडीची भुजा, ज्या साठ वर्षे ग्राहकालाच एकत्र आणाव्या लागत, त्या आता एका मालकीखाली आल्या. त्यानंतर स्टेनिंगमध्ये जुन्या ३०१ चे मूळ सांगाडे घेऊन, झिजलेले भाग नव्याने बनवून, त्या पूर्ण पुनर्रचित स्वरूपात विकण्यास सुरुवात झाली. २०१९ च्या अखेरीस एसएमईने टोनआर्म स्वतंत्रपणे विकणे बंद केले, आणि त्याचा परिणाम म्हणून वापरलेल्या भुजांची मागणी लगेच वाढली.

यामुळे बाजारात आता तीन प्रकारच्या ३०१ आहेत. काही हात न लागलेल्या, काही ठिकठिकाणच्या कारागिरांनी दुरुस्त केलेल्या, आणि काही गॅरार्ड हेच नाव धारण करणाऱ्या कंपनीने पुन्हा उभ्या केलेल्या. पहिल्या दोन प्रकारांत फरक करायला जपानी आणि युरोपीय संग्राहकांनी चाळीस वर्षांत तयार केलेल्या खुणा उपयोगी पडतात. तिसऱ्या प्रकारात जुना सांगाडा, नवे बेअरिंग आणि अधिकृत नाव एकत्र असल्याने त्या खुणा पुरेशा ठरत नाहीत. तेथे यंत्रासोबतची कागदपत्रे जपून ठेवणे, आणि पुढच्या खरेदीदाराने ती मागणे, हाच सध्या एकमेव आधार आहे.